आरोग्य उपकेंद्राच्या पाण्यासाठी वर्गणी: आधी काय करावं?

प्रश्न: मेळघाटातल्या उपकेंद्रासाठी आरओ (पाण्यातले क्षार काढणारं यंत्र) घ्यायचा विचार आहे. किती जमवावे?

उत्तर १: थांबा, आधी बोअरचं पाणी तपासा. फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या आत आणि क्षार कमी असतील, तर आरओ कशाला? निम्मं पाणी वाया जातं, मेंब्रेन (आतला गाळणारा पडदा) बदलायला पुढे पैसे नसतात. टाकी, क्लोरिन आणि झाकण पुरे.

उत्तर २: टाकीतल्या २,००० लिटरला १० ग्रॅम ताजं टीसीएल (क्लोरिनची ब्लीचिंग पावडर). थोड्या पाण्यात कालवून फक्त वरचं निवळ पाणी टाकीत ओता, अर्धा तास थांबा. नळाशी ओटी चाचणीत (पाण्यात उरलेला क्लोरिन रंगावरून मोजणारी) लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम दिसलं पाहिजे. पुडा उघडा राहिला की क्लोरिन उडतो.

उत्तर ३: वर्गणीत देखभालीचा खर्च धराच. परदेशी नागरिकांची देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेऊ नका.