१२५ सीसीला प्लग कुठला? गाडीत ८ आहे, दुकानात ७ घाला म्हणतात

खानापूर_रोड
गाडी १२५ सीसी, कार्बोरेटरवाली, २०१४ चं मॉडेल. जुन्या स्पार्क प्लगवर एनजीके (कंपनी) सीपीआर८ईए-९ असं आहे, १४ हजार किलोमीटर झाले. सकाळी चोक देऊनही चार-पाच किका लागतात, अर्ध्या थ्रॉटलला मिसिंग मारालीय. प्लगचं टोक काळंकुट्ट, कोरडी काजळी, बोटाला लागते. रोज खानापूर-बेळगाव, महिन्यातनं एकदा जांबोटी-चोर्ला करून गोवा. दुकानदार म्हणतो पावसाळ्यात ८ थंड पडतो, ७ घाला. दुसऱ्यानं इरिडियम (या धातूचं टोक असलेला महाग प्लग) दाखवला. तिसऱ्याकडं बॉशचा आहे, त्यावर आकडा बराच लहान. कुठला घेऊ? आणि घरीच बसवणार असलो तर किती आवळायचा?

उद्यमबाग_फिटर
८ च घ्या. प्लगवरचा कोड वाचता आला की दुकानदाराला विचारायची गरजच पडत नाही.

सी म्हणजे आट्यांचा व्यास १० मिमी, पाना १६ चा. पी म्हणजे चिनीमातीचं नाक पुढं आलेलं. आर म्हणजे आत रेझिस्टर, साधारण ५ किलोओहम. ८ हा हीट नंबर. ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी. ए ही त्या प्लगच्या रचनेची खूण. शेवटचा ९ म्हणजे गॅप, ठिणगी पडते ती फट, ०.९ मिमी.

यातलं एकही अक्षर "चालतंय की ओ" म्हणून बदलायचं नाही. सगळ्यात महागात पडते ती लांबीची चूक. एच म्हणजे १२.७ मिमी. ई च्या हेडात (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतो) एच बसतो, गाडी चालूही होते. पण खालचे आटे उघडे राहून त्यात कार्बन भरतो, आणि पुढं बरोबर लांबीचा प्लग घालायला गेलं की आटे फाटतात. उलटं केलं, म्हणजे एच च्या हेडात ई घातला, तर तो पिस्टनला नाहीतर व्हॉल्व्हला भिडू शकतो.

आता गरम-थंड. याचा बाहेरच्या हवेशी काही संबंध नाही. प्लगचं टोक आपली उष्णता किती लवकर हेडला देतं, एवढंच तो आकडा सांगतो. टोक साधारण ४५० अंशांच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळते. ८५० च्या आसपास गेलं तर ठिणगीच्या आधीच ते टोक पेट्रोल पेटवायला लागतं. गोव्याकडून चोर्ला चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर थ्रॉटल पिळलेला असतो, तिथं ७ नंबर, म्हणजे ८ पेक्षा गरम प्लग, धोक्याच्या बाजूला जातो. ठोके येतील, आणि दुर्लक्ष केलं तर पिस्टनच्या डोक्याला भोक. काजळीसाठी एवढी जोखीम कशाला?

बॉशचा आकडा बघून गोंधळू नका. एनजीके आणि डेन्सोत आकडा मोठा तेवढा प्लग थंड, बॉश आणि चँपियनमध्ये बरोबर उलटं. त्यामुळं कंपनी बदलताना आकड्याला आकडा लावायचा नाही, त्या कंपनीच्या तक्त्यात आपल्या गाडीचं मॉडेल शोधायचं. डेन्सोत तुमच्या प्लगची जोडी यू२४ईपीआर९.

निपाणी_पाना
वरचं सगळं बरोबर. पण नवा ८ घातला आणि मूळ कारण तसंच राहिलं तर तोही महिन्याभरात काळा होणार. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. ओली आणि तेलकट असती तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील बघा म्हटलं असतं. पांढरं पडून फोड आले असते तर हवा जास्त, मग मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीच्या) रबरची गळती.

आधी एअर फिल्टर. आपल्याकडं उसाच्या ट्रॉल्यांच्या मागनं जाणारी गाडी असेल तर तो पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या आधीच भरतो. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, तेल लावून बसवा. कागदाचा असेल तर धुवायचा नाही, बदलायचा. मग चोक: केबल अडकून अर्धा ओढलेला राहतो आणि महिनोन् महिने कळत नाही. तिसरं, कार्बोरेटरातल्या फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) पातळी आणि झिजलेली सुई. सगळ्यात शेवटी हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्स्चर स्क्रू. लोक नेमकं उलट्या क्रमानं जातात.

काहीजण काजळीचं खापर इथेनॉलवर फोडतात. २०२३ पासून पंपांवर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) यायला लागलं, त्यात ऑक्सिजन असतो, त्यामुळं कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण उलट पातळ होतं. काजळी त्यानं येत नाही.

अनगोळ_इरिडियम
इरिडियम अगदीच टाकाऊ नाही. मधलं टोक ०.६ मिमी, त्यामुळं कमी व्होल्टेजला ठिणगी पडते, थंडीत स्टार्ट सुधारतं. घ्यायचाच तर सीपीआर८ईएआयएक्स-९, हीट नंबर तोच. पण खूप वर्षं टिकेल या आशेनं घेऊ नका. आयएक्स मालिकेत बाहेरची दांडी साध्या निकेलचीच असते, ती आपल्या गतीनं झिजते. काळं मारणाऱ्या गाडीत तर इरिडियमही काळाच होतो, फक्त पैसे जास्त गेलेले असतात.

खानापूर_रोड
फिल्टर उघडला, फोमचाच आहे, आणि मातीनं गच्च! जुना प्लग पॉलिश पेपरनं घासून तोवर चालवू का? आणखी एक, बाहेर चिनीमातीवर लोखंडाजवळ तपकिरी वळं आहे. कॉम्प्रेशन लीक होतंय का?

उद्यमबाग_फिटर
ते वळं लीकचं नव्हे. जास्त दाबाच्या विजेमुळं आजूबाजूची धूळ-तेल तिथं ओढलं जाऊन चिकटतं. निर्धास्त राहा.

घासून दोन दिवस ढकला, पुढं नको. तारेच्या ब्रशनं तर नाकाच्या चिनीमातीला अजिबात शिवू नका, धातूचे कण चिकटून ठिणगी तिथूनच पळते. १४ हजारांनंतर मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा गोल झालेल्या असतात आणि गॅप वाढलेला असतो. गॅप जास्त म्हणजे व्होल्टेज जास्त लागतं, तुमचं मिसिंग निम्मं तिथलंच असेल.

बसवताना इंजिन पूर्ण गार हवं. काढायच्या आधी प्लगच्या खड्ड्यातली माती फुंकून किंवा हवेनं उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये. फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) गॅप ०.८ ते ०.९ आहे का बघा. वाकवायचं झालं तर फक्त बाहेरची दांडी, इरिडियमच्या टोकाला गेज टेकवायचं पण नाही. पहिले सगळे आटे हातानं फिरवायचे, अडकला की उलटा काढून पुन्हा सरळ. वॉशर टेकला की नव्या प्लगला पान्यानं अर्धा फेरा. तोच प्लग परत घालत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असतो, तेव्हा फेऱ्याचा बारावा हिस्सा पुरे. टॉर्क पाना असेल तर १० ते १२ न्यूटन-मीटर. आट्यांना ग्रीस, तेल काही लावू नका. तेवढ्याच जोरात तो जास्त आवळला जातो आणि अॅल्युमिनियमचे आटे जातात. गेलेच तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवता येतं, उद्यमबागेत मशीनवाल्यांना तोटा नाही, पण हेड उतरवायची वेळ आणू नका.

निपाणी_पाना
पावसाळ्यासाठी एक राहिलं. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात बंद पडलेल्या गाडीत बऱ्याचदा प्लग चांगला असतो, पाणी कॅपमध्ये शिरलेलं असतं. कॅप वायरवर आट्यानं बसते, उलटी फिरवून काढा. वायरचं टोक हिरवं-काळं असेल तर ५ मिमी कापा आणि कॅप परत फिरवून बसवा. कॅपचा रेझिस्टन्स मीटरवर मोजा, पुस्तकात दिलेल्यापेक्षा फार जास्त किंवा एकदम उघडा (आत जोड तुटलेला) दाखवत असेल तर कॅप बदला. अंधारात इंजिन चालू ठेवून बघितलं की गळती निळ्या ठिणगीनं दिसते, हात मात्र लांब. आणि ठिणगी तपासायची तर प्लग हेडच्या धातूला टेकवूनच किक मारा. वायर मोकळी सोडून किक मारल्यानं सीडीआय (ठिणगी नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक डबा) उडतो.

काजळी गेली का हे नुसतं आयडलिंगवर बघू नका, तिथं चांगला प्लगही काळा दिसतो. खानापूरहून बेळगावला या, गार होऊ द्या, मग काढा. फिकट बदामी दिसला तर मिक्स्चर स्क्रूला हात लावू नका.

खानापूर_रोड
८ घेतला. पेटीतल्या प्लगचा वॉशर बोटानं सहज निघतोय आणि षटकोनावर लॉट नंबर नाही.

उद्यमबाग_फिटर
परत करा. अस्सल प्लगचा वॉशर आट्यांवर फिरतो, पण सहजासहजी निसटत नाही. बाहेरची दांडी मधल्या टोकावर नीट मध्यभागी येते का तेही तिथंच उजेडात बघा. आणि बिल घ्या.