पट कुणी घालवला: सरकारनं की आपण? (चर्चा)

फायनल-पास (खानापूर तालुका)

यंदा आमच्या गावच्या मराठी शाळेत पहिलीच्या पटावर दोनच मुलं आली. संध्याकाळपर्यंत पारावर निकाल लागला: सरकारनं मराठी शाळा मारली. मी 33 वर्षं याच बेळगाव जिल्ह्यात सरकारी शाळेत मास्तरकी केली. माझं म्हणणं तुम्हाला झोंबेल, तरी लिहितो. शाळा आधी आपण सोडली, सरकारनं हात नंतर काढला.

ही शाळा कुणी दानात दिली नव्हती. 1860 च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागं एक आणा पट्टी बसली आणि तिचा तिसरा हिस्सा शाळांकडं गेला. म्हणजे आमच्या खापरपणज्यानं भात विकून शाळेला पैसा दिला, स्वतः मात्र अंगठा उठवला. 1882 ला जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढं, हंटर कमिशनपुढं, हेच मांडलं: पट्टी कुणब्याची, शिकणारी पोरं वरच्या घरांतली, बारा वर्षांपर्यंत तरी शिक्षण सक्तीचं करा. पुढं 1911 ला गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं (त्यांचं लहानपणचं शिक्षण कागलचं, निपाणीच्या शेजारचं) आणि वर्षभरानं ते 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. जमीनदार म्हणाले, पोरं शिकली तर शेतात कोण येणार? शाहू महाराजांनी मात्र 1917 ला संस्थानापुरती सक्ती केलीच. रायबाग तेव्हा कोल्हापूर संस्थानात होतं, हे आज रायबागच्याही किती जणांना माहीत आहे?

स्वतंत्र भारताचा आव मोठा होता. इंग्रजांच्या सार्जंट योजनेनं 1944 ला सगळी मुलं शाळेत आणायला चाळीस वर्षं मागितली होती. आपल्या घटनेच्या कलम 45 नं दहा वर्षं दिली. 1951 ला शंभरातली अठरा माणसं साक्षर, शिक्षक नाहीत, इमारती नाहीत, शाळा देवळाच्या ओवरीत. 1960 ची मुदत आली आणि गेली. शिक्षण मूलभूत हक्क व्हायला 2002 उजाडलं, कायदा अंमलात यायला 1 एप्रिल 2010. आणि हक्क हातात आला तोवर गावातला शिकलेला पालक पोराला पिवळ्या बसमध्ये बसवून मोकळा झाला होता.

सीमावासी

मास्तर, पेन्शन कर्नाटकाची म्हणून बोलणंही त्यांचंच काय?

1956 ला राज्य पुनर्रचना कायद्यानं बेळगाव मुंबई राज्यातून उचलून म्हैसूर राज्याला (आजच्या कर्नाटकाला) दिलं, त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीत 350 अ कलम आलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्यानं करावी. एका हातानं घर काढून घेतलं, दुसऱ्या हातानं पावती दिली. ती पावती आजवर वटली नाही. आमच्या गल्लीच्या शाळेत गणिताला आलेल्या बाईंना मराठी येत नव्हतं. बिचाऱ्या चांगल्या होत्या, खाणाखुणा करून भागाकार शिकवायच्या. सगळे सुत्तोले (परिपत्रकं) कन्नडमध्ये. एसडीएमसीच्या (शाळेच्या पालक समितीच्या) सभेत पालक सही कशावर करतो हे त्यालाच ठाऊक नसतं. माध्यमिक शाळेत कन्नडच पहिली भाषा करा म्हणणाऱ्या 1981 च्या गोकाक अहवालानंतर जे आंदोलन पेटलं, तेव्हापासून इथल्या शाळेत मराठीची जागा पाहुण्याची. अशा शाळेतून पालकानं पोर काढलं, तर ते सोडणं की हुसकावणं?

जुनी दप्तरं

सीमावासी, तुमची तक्रार खरी आहे. पण तीच तक्रार याच मातीत आधी कन्नड पालकांनी केली आहे, आणि तेव्हा खुर्चीवर मराठी होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बेळगाव-धारवाडकडच्या सरकारी शाळांत मराठीचा वरचष्मा होता, कारण कारभार पेशवाईपासून मराठी वळणाचा. कानडी बोलणारी पोरं मराठी पुस्तक घेऊन बसत. शिक्षण खात्यातल्या डेप्युटी चन्नबसप्पांनी 1860 च्या दशकात कन्नड शाळा उघडण्यासाठी जीव तोडला. धारवाडकडं त्यांचं नाव आजही आदरानं घेतात, आपल्याकडं कुणाला माहीतही नाही. ज्याच्या हाती दप्तर, त्याची भाषा फळ्यावर, असंच इथं चालत आलंय.

सीमावासी

म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचं उट्टं पहिलीतल्या पोरांकडून काढायचं? छान न्याय.

जुनी दप्तरं

काढा असं कुठं म्हटलं? आपणही कधी त्या खुर्चीत होतो, एवढंच म्हटलं.

वडगावची सून

माझं माहेर चंदगडकडचं, सासर बेळगावातल्या वडगावचं, घरात माग. मी मुलाला कन्नड माध्यमात घातलं. सासऱ्यांनी चार दिवस तोंड फिरवलं, खरं घरात पोरगा काय होणार हे कुणी विचारलं नाही. बसचा कंडक्टर व्हायचं असू दे, पोलिसात जायचं असू दे, तलाठ्याकडं उतारा मागायचा असू दे, कन्नड लागतं की ओ. इंग्रजीची फी परवडत नाही. शिक्षण हक्क कायद्यानं (आरटीई) खासगी शाळेत राखलेल्या पंचवीस टक्क्यांत अर्ज करावा म्हटलं, तर 2019 पासून नियम असा की जवळ सरकारी शाळा असेल तर खासगीतली ती जागा मिळत नाही. मग जवळची सरकारी बघितली. मराठीत दोन मास्तर आणि पाच इयत्ता, कन्नडमध्ये वर्गाला मास्तर. मी मास्तर मोजले, भाषा मोजली नाही. मराठी घरात आहे. आजीच्या शिव्या ऐकून त्याची मराठी तुमच्यापेक्षा बरी होईल.

बेंगळुरूत भाड्यानं

थोडं लांबचं बोलतो. अमेरिकाही कधी नवं राष्ट्र होती. मॅसॅच्युसेट्समध्ये होरेस मान 1837 ला शिक्षण मंडळाचा सचिव झाला, सार्वजनिक शाळेचं आंदोलन उभं केलं, 1852 ला तिथं सक्तीचा कायदा आला. शेवटच्या राज्यापर्यंत, मिसिसिपीपर्यंत, तो पोचायला 1918 लागलं. 66 वर्षं! आपण दहा वर्षांत करू म्हणालो यातच चूक होती, कुणी मारलं-बिरलं नाही. फरक एकच जाणवतो. तिथं शाळेचा कर गावातून गोळा होतो आणि मंडळ गाव निवडतं. आपली एक आणा पट्टीही गावचीच होती, खरी चावी मात्र कलेक्टरकडं. स्वातंत्र्यानंतर ती चावी आधी मुंबईला, मग बेंगळुरूला गेली. दाराला कडी लावायलाही जिथं परवानगी लागते, ती शाळा गावाला आपली का वाटावी?

फायनल-पास

भाड्यानं, चावीचं पटलं. कडीचं तर मी भोगलंय, मुतारीच्या दारासाठी अकरा पत्रं लिहिली.

सीमावासी, कन्नड बाईंचं मी नाकारत नाही. तरी एक सांगा. 1994 च्या धोरणात याच सरकारनं म्हटलं की पहिली ते चौथी शिकवणं मातृभाषेत किंवा कन्नडमध्ये हवं. त्याविरुद्ध कोर्टात इंग्रजी माध्यमवाले उभे राहिले आणि 2014 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला की राज्याला मातृभाषा लादता येत नाही. त्या निकालानं आपल्या किती जणांना दुःख झालं? 350 अ साठी मोर्चा काढणारेच दुसऱ्या दिवशी कॉन्व्हेंटच्या रांगेत. लपवत नाही, माझी दोन्ही मुलं त्या रांगेतूनच गेली.

वखारीची नात (निपाणी)

मघापासून 'आपण शाळा सोडली', 'आपल्याला हुसकावलं' वाचतेय. हे आपण म्हणजे कोण?

माझी आजी तंबाखूच्या वखारीत, आई विड्या वळायची. सोडायला आधी आत जावं लागतं. 1961 ला राज्याचा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आला, आई तेव्हा सात वर्षांची. कुणी दारात येऊन विचारलं नाही, ही पोर शाळेत का नाही म्हणून. वखारीत मात्र हजेरी रोज लागायची. कुठल्या भाषेत शिकवायचं हा वाद ज्यांच्या घरी पाटी होती त्यांचा. शाळेत टिकलेली आमच्या घरातली पहिली पिढी माझ्या भावाची मुलं. त्यांना सक्तीनं नाही आणलं, बिसियूटनं आणलं. दुपारचा गरम भात, सांबार. सुप्रीम कोर्टानं 2001 ला आदेश दिला, त्यानंतर इथं ताट मांडलं गेलं. फुल्यांचं नाव वर घेतलंत मास्तर, तर त्यांचा प्रश्न पुरता घ्या. पट्टी भरणारा बाहेर आणि आत दुसराच, हे 1882 ला होतं. आता तुमच्यासारखे बाहेर गेले आणि आमची मुलं आत आली. नेमकं तेव्हाच शाळा मेली म्हणून ओरड सुरू झाली.

सीमावासी

ताई, तुमचं पहिलं म्हणणं मान्य. शेवटचं नाही. तुमच्या भाच्यांनाही त्यांना कळेल असा शिक्षक मिळायला नको? मी त्यासाठीच भांडतोय.

वखारीची नात (निपाणी)

भांडा की. खरं भांडायला तुमचं पोर त्या वर्गात असतं तर बाईंची बदली लवकर झाली असती. कुठं शिकतंय ते?

सीमावासी

सीबीएसई.

वडगावची सून

मास्तर, एक राहिलंच. तुमच्या गावात पहिलीला आलेली ती दोन मुलं कुणाची?

फायनल-पास

एक गवळीवाड्यावरचं. दुसरी आमच्याकडं भांड्याला येतात त्या मावशींची नात. परवा ओट्यावर बसून बाराखडी म्हणत होती, मी 'ञ' दुरुस्त केला.