मदत हवी आहे: शाळेच्या पेटीतले जुने स्काऊट बॅज कोणत्या काळातले? (पुणे)

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या पेठेतली आमची जुनी मराठी शाळा. तिच्या स्काऊट पथकाचं एक छोटं प्रदर्शन भरवायचं ठरलंय आणि माजी विद्यार्थी म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलंय. माळ्यावर बॅजची एक पत्र्याची पेटी सापडली. कागदपत्रं मात्र जवळपास नाहीत. तळमजल्यावरचं दप्तर पानशेतच्या पुरात गेलं, असं निवृत्त शिक्षक सांगतात. त्यामुळे जे काही कळायचं ते बॅजवरूनच.

अशोकचक्र असलेले बॅज भरपूर आहेत, त्यांची चिंता नाही. अडलंय ते पुढच्या वस्तूंपाशी. एक पितळी बॅज म्हणजे नुसती वर वळलेली फीत आहे, इंग्रजीत ‘बी प्रिपेअर्ड’ लिहिलेली आणि खाली गाठ लोंबणारी. वरचा भाग तुटला असावा. एका कापडी बॅजवर मुकुट आहे. खांद्यावर शिवायच्या एका पट्टीवर फक्त ‘बॉम्बे’ आहे, आता ती पुण्यात कशी आली कोण जाणे. एका बिल्ल्यावर ‘हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन’ अशी उठावाची अक्षरं आहेत. हिरव्या आणि पिवळ्या चकत्यांवर बसवलेल्या छोट्या पितळी चांदण्या आहेत. शिवाय चामड्याच्या वादीत ओवलेले दोन लाकडी मणी आणि त्यांच्यासोबत एक फिकट स्कार्फ. त्याच्या मागच्या टोकाला चौकडीच्या कापडाचा तुकडा शिवलेला आहे. ठिगळ म्हणावं तर फारच नीटनेटकं आहे.

मुख्याध्यापिका बाईंना एकच फलक हवाय: डावीकडे ब्रिटिश काळ, उजवीकडे आजचा. यातलं काय कुठे लावू? जाणकारांनी कृपया मदत करावी.

रोव्हरकाका

पेटी जपून ठेवा, चांगला ऐवज आहे.

आधी ती फीत. ती तुटलेली नाही. जुन्या पद्धतीत टेंडरफूटला, म्हणजे नवख्या स्काऊटला, नुसतं तीन पाकळ्यांचं चिन्ह मिळे, सेकंड क्लासला नुसती फीत, आणि फर्स्ट क्लास झालात की दोन्ही जोडून. म्हणजे हा अख्खा सेकंड क्लास बॅज आहे. फितीची टोकं वर वळलेली असतात ती हसऱ्या तोंडासारखी, आणि खालची गाठ रोजच्या एका सत्कृत्याची आठवण म्हणून. पुढे आपल्याकडे प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान आले, मग राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती.

मुकुटवाला बॅज किंग्ज स्काऊटचा. त्याची जागा पुढे राष्ट्रपती स्काऊटने घेतली, तेव्हा तो प्रजासत्ताकाच्या अलीकडे लावू नका. फार मागेही ओढू नका. १९०९ मध्ये बंगळुरात स्काऊटिंग सुरू झालं तेव्हा ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतंच होतं. कॅम्पातल्या शाळेची पेटी असती तर गोष्ट वेगळी होती, पेठेतल्या मराठी शाळेत ते त्यानंतरच पोचलेलं असणार.

‘बॉम्बे’ वाचून मुंबई शहर समजू नका. १ मे १९६० पर्यंत पुणे मुंबई राज्यातच होतं. पट्टी राज्याची असेल तर ती त्याआधीची, आणि तुमच्याच पोरांच्या खांद्यावरची असू शकते.

चांदण्या सेवेच्या, वर्षं मोजायच्या. पिवळी चकती कबची, म्हणजे स्काऊटहून लहान मुलांची, हिरवी स्काऊटची. मध्ये आकडा आहे का बघा, असेल तर तेवढी वर्षं सेवा.

अनघा_गाईड

काकांना अनुमोदन, पण माझा मुख्य आक्षेप त्या एका फलकाला आहे. हिंदुस्थान स्काऊटचा बिल्ला त्या सरळ रेषेत बसणारच नाही.

भारतीय मुलांना दाराबाहेर ठेवलं म्हणून इथल्या लोकांनी आपापल्या संघटना काढल्या. १९१६ मध्ये मद्रासेत ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांची, पाठोपाठ अलाहाबादेत मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांची सेवा समिती. १९२१ मध्ये स्काऊटिंगचे जनक बेडन-पॉवेल भारतात आले तेव्हा काही संघटना एकत्र आल्या, पण सगळ्या नाहीत. १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली आणि स्वातंत्र्यानंतरही ही आणि बेडन-पॉवेलची अशी दोन्ही घरं वेगळीच होती. ७ नोव्हेंबर १९५० ला ती एकत्र येऊन भारत स्काऊट्स झाली, १५ ऑगस्ट १९५१ ला गर्ल गाईड्सही आल्या. बॅजवर ते दिसतंच: स्काऊटच्या चिन्हावर गाईडचं त्रिदल आणि मध्ये अशोकचक्र.

म्हणजे मुकुटवाला आणि हिंदुस्थानवाला हे बॅज एकामागून एक नाहीत, एकाच काळात समोरासमोर उभे असलेले आहेत. एका शाळेच्या पेटीत दोन्ही निघावेत हीच तर बातमी आहे! एखाद्या स्काऊटमास्तरने संघटना बदलली असेल, किंवा एखादा मुलगा दुसऱ्या शाळेतून आला असेल. ते शोधायला हवं. फलकावर दोन समांतर ओळी काढा आणि १९५० पाशी जोडा.

एक खबरदारी: त्या बिल्ल्यावर ‘स्काऊट्स अँड गाईड्स’ असं जोडनाव नाही ना, ते नक्की बघा. तशा नावाची संघटना आजही आहे, बिल्ला तिचाही असू शकतो.

आणि मुलींचं काय? पेटीत एकही त्रिदल नसेल तर तेही फलकावर सांगा. आळंदी रोडवर जगभरच्या गाईड्सचं ‘संगम’ केंद्र १६ ऑक्टोबर १९६६ ला सुरू झालं, उद्घाटनाला खुद्द लेडी बेडन-पॉवेल होत्या. ज्या गावात हे आहे तिथे स्काऊटचा इतिहास फक्त पोरांचा कसा लावता?

कसबेकर

पितळेला चिंच किंवा पितांबरी अजिबात लावू नका. मागचे शिक्के आणि उत्पादकाची नावं झिजतात, आणि काळ ठरवायला तीच कामाची असतात. जुन्या बाजारात चकाचक घासलेले बिल्ले मिळतात, त्यांचं काही म्हणजे काही सांगता येत नाही.

रोव्हरकाका

मण्यांचं राहिलंच. तो वुड बॅज. पोरांचा नव्हे, प्रशिक्षण पूर्ण केलेल्या स्काऊटमास्तरचा. १९१९ मध्ये इंग्लंडातल्या गिलवेल पार्कला हे प्रशिक्षण सुरू झालं. पहिले मणी बेडन-पॉवेलने आफ्रिकेतून आणलेल्या झुलू राजा दिनुझुलूच्या माळेतले होते. स्कार्फवरचं तुमचं ‘ठिगळ’ म्हणजे मॅक्लारेन घराण्याची चौकडी, गिलवेलची जागा त्यांच्यापैकी एकाने घेऊन दिली म्हणून. दोन मणी म्हणजे नुसता प्रशिक्षित मास्तर, प्रशिक्षकाला तीन किंवा चार मिळतात. आपल्याकडे याला हिमालय वुड बॅज म्हणतात. पचमढीच्या राष्ट्रीय केंद्रातल्या नोंदी विचारून बघा, शाळेतल्या कोणा सरांचं नाव सापडलं तर दुधात साखर.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. बिल्ल्यावर फक्त ‘स्काऊट असोसिएशन’ आहे, गाईड्स नाही. पाठीला पिन आहे, शिक्का पुसट. चांदण्यांमध्ये आकडे आहेत. अनघाताई, त्रिदल खरंच एकही नाही, शाळा तेव्हा मुलांचीच होती. शेजारच्या मुलींच्या शाळेत उद्या विचारतो. बाईंना दोन ओळींचा फलक पटलाय, पण जागा तेवढीच आहे, म्हणून अक्षरं बारीक होतील म्हणतात.

एक नवा प्रश्न: तळाशी ‘खरी कमाई’ (स्काऊट पोरांनी घरोघरी कामं करून पैसे मिळवायचा उपक्रम) लिहिलेली पुठ्ठ्याची कार्डं निघालीत, घरांची नावं आणि आण्यांचे आकडे असलेली. लोकांची नावं तशीच मांडावीत का?

अनघा_गाईड

नावं झाका, आणे दिसू द्या. नवे पैसे १९५७ मध्ये आले, म्हणजे कार्डं बहुधा त्याआधीची. कोणतं काम करून किती मिळाले ते लिहिलं असेल तर ती कार्डं पहिल्या टेबलावर ठेवा. पोरं तिथेच थांबतील.