खिशातला चाकू कोणता घ्यावा? (संदर्भ: नाडीची निरगाठ)

प्रेषक: सजावट समितीतला नवा भिडू
सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

शनिवारी आरतीला पाच मिनिटं असताना आमच्या चिरंजिवांना जोराची लागली आणि लेंग्याच्या नाडीला बसली होती निरगाठ. मी नखं लावली, सौ.ने दात लावले, गाठ आणखी आवळली. चिरंजीव एका पायावरून दुसऱ्या पायावर. तेवढ्यात नाना आले. त्यांनी खिशातून तो लाल चाकू काढला, त्यातलं कॉर्कस्क्रू उघडलं, टोक गाठीत अलगद शिरवून जरासं पिळलं, आणि गाठ सुटली. "पळ आता," म्हणाले आणि टाळ घेऊन उभे राहिले.

नाना, तेव्हापासून मला तसलं काहीतरी हवं आहे. पुण्यात असताना किल्ल्यांच्या जुडग्याला नेलकटर असायचं, त्यातच एक चिमुकलं पातं. अख्खं हॉस्टेल त्यावर चाललं. आता मी जाळ्यावर एक पक्कडवालं हत्यार बघून ठेवलंय: एका हाताने पातं उघडतं, उघडलं की खटका बसतो, शिवाय दोन करवती. कार्टमध्ये आहे, बटण दाबायचं बाकी. सौ. म्हणते, "रोज बातम्यांत चाकू, चाकू चाललंय, आणि तू तो खिशात घालून ट्रॅममध्ये बसणार?"

जाणकारांनी सांगावं. घेऊ का?

---

प्रेषक: नाना
मंगळवार, सकाळी ६.१५

अरे, नाडीचं श्रेय कॉर्कस्क्रूचं. आमच्या घरात वाइनची बाटली गेल्या चाळीस वर्षांत तीनदा उघडली असेल. गाठी मात्र दर आठवड्याला.

बटण दाबू नकोस. सूनबाईंचं बरोबर आहे.

आधी इथला, इंग्लंडचा कायदा, कारण निम्मी निवड तोच करून देतो. १९८८च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टचं कलम १३९. सार्वजनिक जागी सबळ कारणाशिवाय पातं किंवा अणकुचीदार वस्तू बाळगणं हा गुन्हा, शिक्षा चार वर्षांपर्यंत. यातून एकच वस्तू सुटते: मिटणारा खिशातला चाकू, आणि तोही धार तीन इंचांपेक्षा, म्हणजे ७.६२ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसेल तर. आता 'मिटणारा' म्हणजे काय, यावर नव्वदच्या दशकात इथल्या कोर्टांत खल झाला. निकाल असा की पातं कुठल्याही क्षणी नुसतं ढकलून मिटलं पाहिजे. खटका दाबल्यावरच मिटत असेल तर तो या सवलतीत बसत नाही, मग पातं दोन इंची का असेना. कार्टमधला तुझा प्रकार तिथेच बाद.

कारण विचारलं तर ते सिद्ध तुलाच करावं लागतं. 'गाडीच्या कप्प्यात विसरून राहिला' एवढंच सांगून भागत नाही. आणि 'वेळ पडली तर स्वसंरक्षणाला' असं फुशारकीनं बोललास तर तीन इंची सवलतसुद्धा गेली, कारण त्या क्षणी तुझा चाकू हत्यार झाला. नाडी सोडवायला आहे म्हण, खरंही आहे. स्प्रिंगने आपोआप उघडणारे तर २०२१पासून घरातही ठेवायचे नाहीत.

गंमत अशी की खटका असतो बोटांच्या सुरक्षेसाठी. बिनखटक्याच्या चाकूत पाठीमागची पोलादी पट्टी पात्याला रेटून धरते, बस. टोक कशात खुपसायला गेलास आणि जोर वरून पडला की पातं मिटतं, आणि मध्ये असतं तुझं बोट. माझ्या उजव्या तर्जनीवर दोन टाक्यांची खूण आहे, नारळाच्या डोळ्यात टोक घालून फिरवण्याचा उद्योग केला होता. तेव्हा नियम एकच, कापताना ओढायचं, खुपसायचं नाही. नारळाला कोयता आहे, तो हॉलच्या स्वयंपाकघरातच राहू दे.

आता मुख्य मुद्दा. गेल्या वर्षी नातीने विचारलं, "आजोबा, याचं नक्की करता काय?" म्हणून महिनाभर वहीत लिहून ठेवलं. पहिली आली कात्री. औषधाच्या पट्ट्या, हाराचा दोरा, नव्या सदऱ्याचं लेबल, सजावटीचे प्लास्टिकचे पट्टे, नातीची पतंग. दुसरं, डबा उघडायच्या हत्याराचं टोक. ते फुलीच्या स्क्रूतही बसतं, खेळण्यांच्या बॅटरीची झाकणं त्यावरच उघडतात. तिसरा चिमटा, कुसळं आणि काटे काढायला. पातं चौथं! तेही बहुतेक वेळा खोक्यांची चिकटपट्टी आणि सफरचंद यांच्यापुरतं. लोक चाकू घ्यायला जातात तेव्हा पातं बघतात, पातं कुठल्या पोलादाचं यावर रात्र रात्र वाचतात. तू कात्री बघ. कात्री नसलेला चाकू आपल्या घरात आठ दिवसांत खणात जातो.

म्हणून माझ्या मते व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा ९१ मिलिमीटरचा घे. हे माप मिटलेल्या चाकूचं, पातं साडेसात सेंटिमीटरच्या आत, खटका नाही. त्यात 'क्लाइंबर' म्हणजे दोन पाती, कात्री, डब्याचं, बाटलीचं, कॉर्कस्क्रू, टोच्या आणि पाठीवर एक आकडा, म्हणजे हूक. हा आकडा काय कामाचा म्हणून सगळे हसतात. देशी दुकानातून दहा किलो तांदूळ आणि भाजीच्या पातळ पिशव्या उचलून बसस्टॉपपर्यंत चालून बघ. पिशव्यांचे कान आकड्यात अडकव, मूठ चाकूची धर, बोटं कापत नाहीत. तो आकडा सुतळीने बांधलेली पुडकी उचलण्यासाठीच आहे.

यातच करवत हवी तर 'हंट्समन', वजन जेमतेम शंभर ग्रॅम. मखराच्या काठ्या मी त्यानेच कापल्या. पण रोज खिशात शंभर ग्रॅम म्हणजे पँट एका बाजूला खाली येते, हे आमच्या हिचं निरीक्षण.

एक सावधगिरी. त्याच कंपनीचे १११ मिलिमीटरचे मोठे चाकू खटक्याचे असतात. लाल रंग आणि क्रॉस बघून फसू नकोस.

---

प्रेषक: नाटकवाली ताई
मंगळवार, दुपारी १.०५

नाना, सगळं मान्य, पण पक्कडीला एका ओळीत निकालात काढलंत ते काही बरोबर नाही!

मी रंगमंचावर दिव्यांचं काम करते. शिडीवर असताना वेल्क्रो, केबलचे पट्टे, सैल झालेले नट यांना तुमची कात्री काय पुरणार? लेदरमन या पक्कडवाल्या हत्यारांच्या कंपनीचा जन्मच यातून झाला. टिम लेदरमन १९७५मध्ये बायकोबरोबर जुन्या फियाटमधून युरोप हिंडत होता. गाडी सारखी बिघडायची, हॉटेलचे नळ गळायचे, आणि याच्या खिशात नुसता चाकू. पक्कड का नाही यात, असं म्हणत परत अमेरिकेत पोर्टलँडला जाऊन खटपट सुरू केली. पहिलं विकलं गेलं १९८३मध्ये. आठ वर्षं! त्याची मूळ कल्पना हीच, खिशातल्या चाकूत पक्कड बसवायची.

पण माझं खटक्याचं आहे, म्हणून ते कामाच्या ठिकाणच्या लॉकरमध्ये राहतं. काम हे सबळ कारण आहे, कामानंतरची पाणीपुरी नाही. एकदा कमरेला तसंच राहिलं आणि ट्रॅममध्ये लक्षात आलं. घरी पोचेपर्यंत जॅकेट खाली ओढून बसले होते, चोरी केल्यासारखी.

ज्याला पक्कड हवीच त्याने त्याच कंपनीचं बिनपात्याचं छोटं बघावं, 'स्टाइल पीएस'. पक्कड, कात्री, चिमटा, किल्ल्यांना अडकतं. मला स्वतःला ती पक्कड बाहुलीची वाटते, पण खिळा धरायला चालते.

---

प्रेषक: माई
मंगळवार, संध्याकाळी ७.३०

मी दोनच ओळी लिहिते.

माझ्या पर्समध्ये बोटाएवढा लाल चाकू होता, ५८ मिलिमीटरचा तो 'क्लासिक'. भावाने भाऊबिजेला दिलेला. एकवीस ग्रॅम, असल्याचं ध्यानातही राहत नाही, आणि तिथेच घात झाला. भारतातून परत येताना तपासणीत निघाला. परत जाऊन मोठ्या बॅगेत टाकायला वेळ नव्हता, ती आधीच पट्ट्यावरून गेलेली. समोरच्या मुलीला म्हटलं, "अगं, याने मी पेरू कापते." ती हसली, पण चाकू डब्यात टाकला. तिचं काही चुकलं नाही. त्या डब्यात पाहिलं तर तसलेच दहा-बारा लाल चाकू. कुणाकुणाच्या भावांनी दिलेले, कोण जाणे.

तेव्हापासून प्रवासाच्या आदल्या रात्री पासपोर्ट पर्समध्ये घालते त्याच वेळी चाकू मोठ्या बॅगेत जातो. २००१नंतर विमानतळांच्या दुकानांतला खप गेला आणि त्या स्विस कंपनीची कंबर मोडायची वेळ आली होती म्हणतात. २०२४मध्ये त्यांनीच सांगितलं की बिनपात्याचंही काहीतरी काढतोय. आला तर मला कळवा. भावाला सांगायला हवं.

---

प्रेषक: सचिव
मंगळवार, संध्याकाळी ७.५२

कोजागरीच्या दुधासाठी नावं अजून आलेली नाहीत, आणि चाकूवर मात्र ओव्या चालल्या आहेत. चालू द्या. फक्त शनिवारची मराठी शाळा ही शाळेच्या इमारतीत भरते, तिथे तीन इंची, दोन इंची, कसलाच चाकू नको. मुलांच्या हस्तकलेला गोल टोकाच्या कात्र्या कपाटात आहेत. चौदा होत्या, आता नऊ आहेत.

---

प्रेषक: अण्णा
मंगळवार, रात्री ९.२०

शेफील्डमध्ये राहायचं आणि चाकू स्वित्झर्लंडचा? हॅरी ब्रेअर्लीने १९१३ साली न गंजणारं पोलाद या गावात बनवलं, याचा तरी मान ठेवा.

इथे अजून बिनखटक्याचे चाकू हाताने बनतात. 'लँब्सफुट' नावाचा प्रकार बघा. सरळ धार, टोक बोथट, मेंढ्यांचे खूर छाटायला काढलेला. सरळ धार असल्यामुळे सहाणेसारख्या सपाट दगडावरही कुणालाही लावता येते, आणि टोक अणकुचीदार नसल्यामुळे कुणाला भीती वाटत नाही. मी सुपारी सोडून सगळं त्याने कापतो, सुपारीला अडकित्ताच. कार्बन पोलादाचा घेतलात तर कैरी कापून तसाच मिटू नका, काळा पडतो. विळीला जी सवय लावतो तीच, पुसायचा आणि तेलाचं बोट फिरवायचं. फ्रेंच 'ओपिनेल' कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो: लाकडी मूठ देखणी, पण अगदी लहान मापं सोडली तर मानेशी फिरणारी कडी असते, ते १९५५पासूनचं कुलूपच. इथे खिशात नको.

जाता जाता, या गावात एकट्याने भाड्याच्या खोलीत चाकू घडवणाऱ्या कारागिराला 'लिटल मेस्टर' म्हणत. मेस्टर म्हणजे मास्टर. आपला मिस्त्री पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला. दोघांचं मूळ एकच, लॅटिन. केल्हम आयलंडच्या संग्रहालयात त्यांच्या कामाच्या खोल्या आहेत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ऐरण, चामड्याचा पट्टा आणि कोपऱ्यातला चहाचा कप बघून थेट आमच्या गावच्या लोहारआळीत पोचलो.

---

प्रेषक: नाना
मंगळवार, रात्री ९.४१

अण्णा, चाकू सुंदर, वाद नाही. कात्री आहे का त्यात?

---

प्रेषक: अण्णा
मंगळवार, रात्री ९.४४

नाही.

---

प्रेषक: सजावट समितीतला नवा भिडू
रविवार, रात्री ११.१०

मंडळी, सगळ्यांचे आभार. कार्ट रिकामी केली. 'क्लाइंबर' घेतला. दुकानात जाऊन, हातात धरून, मोजपट्टीने पातं मोजून. दुकानदाराने "कशासाठी हवाय?" विचारलं आणि मी "नाडी" म्हणायच्या बेतात होतो.

चार दिवसांचा हिशेब, नानांच्या वहीसारखा: कात्री सात वेळा, पातं दोनदा, चिमटा एकदा (सौ.च्या बोटातलं कुसळ, त्यानंतर घरातला विरोध मावळला). दातकोरणं सापडत नाही, चिरंजिवांवर संशय आहे. आज दुपारी पाहुण्यांसाठी हापूसच्या रसाचा मोठा डबा उघडायचा होता आणि घरातलं डबा-उघडणं नेमकं पहिल्याच वळणावर मोडलं. मी चाकू काढला, पण चुकीच्या दिशेने रेटत बसलो. हे हत्यार मागे ओढायचं नसतं, पुढे पुढे कापत न्यायचं असतं, हे अर्धा डबा ओबडधोबड फाडल्यावर कळलं. रस सांडला नाही. सदऱ्यावर थोडा आहे.

नाना, पुरी-रस शिल्लक आहे. उद्या येता का? आणि येताना धार लावायचा दगड आणा. माझ्या चाकूला अजून गरज नाही, पण सौ. म्हणते, विळीची धार गेली आहे.