‘डेथ पॅनल’ हा खर्चाचा मुद्दा नव्हता

ओबामांच्या आरोग्य कायद्याला रिपब्लिकनांचा विरोध केवळ सरकारी खर्चापोटी होता, असं अनेकदा म्हटलं जातं. खर्चावरून प्रामाणिक मतभेद असू शकतात, मान्य. पण ऑगस्ट २००९ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या २००८ च्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सॅरा पेलिन यांनी फेसबुकवर लिहिलं, की आपल्या आईवडिलांना आणि डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाला ओबामांच्या ‘डेथ पॅनल’पुढे, म्हणजे उपचार कुणाला मिळावेत हे ठरवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांपुढे, उभं राहावं लागेल. यात खर्च कुठे आला? ही म्हाताऱ्या माणसांना घातलेली भीती होती.

मसुद्यात काय होतं? अखेरच्या आजारात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे रुग्णाने स्वेच्छेने डॉक्टरांशी बोलावं आणि त्याची फी मेडिकेअरने (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याने) द्यावी, एवढंच. जॉर्जियाचे रिपब्लिकन सिनेटर जॉनी आयझॅक्सन यांनीसुद्धा पेलिन यांचा अर्थ चूक ठरवला. तरी ओरड थांबली नाही आणि ते कलम गळालं. मेडिकेअर ही फी देऊ लागलं ते थेट जानेवारी २०१६ पासून.

वडिलांच्या शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटरचा निर्णय आम्हा भावंडांना रात्री दोन वाजता घ्यावा लागला. त्यांना स्वतःला काय हवं होतं, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. म्हणून मला ही थाप राजकारणातली नेहमीची अतिशयोक्ती वाटत नाही.