फर्स्ट-इयर रायटिंग प्रोग्रॅम माझ्याकडे येतोय, थिअरी आणि रोजचं काम जुळवायचं कसं?

निळीशाई:
अमेरिकेत एका स्टेट युनिव्हर्सिटीत कंपोझिशन, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंध लिहायला शिकवते, पुढच्या सेमिस्टरपासून अख्खा प्रोग्रॅम माझ्याकडे. पीएचडीत शिकलेलं सगळं पटतं, लिखाण ही प्रोसेस आहे, ड्राफ्ट लिहायचा, कोणीतरी नीट वाचायचा, मग परत लिहायचा. पण इथे एकेका अ‍ॅडजंक्टकडे (कंत्राटी, अर्धवेळ शिक्षक) चार-चार सेक्शन, प्रत्येकात २५ मुलं, आणि त्यातले काही दुपारी दुसऱ्या कॉलेजात पळतात. १०० मुलांचा एक ड्राफ्ट प्रत्येकी २० मिनिटं धरून वाचायचा तर ३३ तास, आणि हा झाला फक्त एक ड्राफ्ट! वर डीनना सगळ्या सेक्शनना एकच सिलॅबस हवाय. सुरुवात कुठून करू?

रेघोट्या:
आधी वर्गातली संख्या कमी करायच्या मागे लाग, सिलॅबस नंतर. सीसीसीसी ही कंपोझिशन शिक्षकांची संघटना सरळ सांगते की वर्गात २० च्या वर नकोत, १५ असतील तर उत्तम, आणि एका शिक्षकाकडे टर्मला ६० च्या वर मुलं नकोत. डीनसमोर थिअरी सांगत बसू नकोस, हा ३३ तासांचा हिशोबच ठेव, त्यांना तो लगेच कळेल. संख्या याच वर्षी उतरणार नाही, तोवर पाच निबंधांचे तीन कर पण त्या तिन्ही निबंधांचे ड्राफ्ट खरंच वाचले गेले पाहिजेत. आणि प्रत्येक चूक लाल करणं बंद करायला सांग, दोन मोठ्या गोष्टींवर लिहा म्हणावं, मुलं एका वेळी तेवढंच सुधारतात.

समासातला:
सिलॅबस एक केल्याने ग्रेडिंग एकसारखं होत नाही गं. आमच्याकडे टर्मच्या सुरुवातीला सगळे मिळून एकच निबंध तपासतो. मागे त्याच निबंधाला एकीने बी दिला, दुसऱ्याने डी. विचारलं तर ती मुद्दा कसा बांधलाय ते बघत होती आणि हा कॉमा स्प्लाइस (दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडायची चूक) मोजत होता. तासभर वाद झाला, पण फार कामाचा वाद! त्या तासाचे अ‍ॅडजंक्टना पैसे द्यायलाच हवेत, फुकट का यावं कुणी? डीनना डब्ल्यूपीए (रायटिंग प्रोग्रॅम चालवणाऱ्यांची संघटना) आउटकम्स स्टेटमेंट दाखव, २००० चं आहे, २०१४ मध्ये सुधारलंय. कोर्सअखेर मुलांना काय यायला हवं ते त्यात आहे, कुठल्या आठवड्यात काय शिकवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

कच्चाखर्डा:
चुका मोजण्यावरून आठवलं, सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कने १९७० ला ओपन अ‍ॅडमिशन (शहरातल्या हायस्कूल पास झालेल्या सगळ्यांना प्रवेश) सुरू केलं तेव्हा तिथे शिकवणाऱ्या मिना शॉनेसींनी मुलांचे चारेक हजार निबंध अभ्यासून दाखवून दिलं की चुकांमागे मुलांचं स्वतःचं लॉजिक असतं. नवीन टीए (शिकवायला मदत करणारे पीजीचे विद्यार्थी) आले की पहिल्याच आठवड्यात त्यांच्याबरोबर एका निबंधातल्या चुका अशा वाचून बघ, काय चुकलं हे नको, असं का लिहिलं असेल हे विचार. त्यांच्या कमेंट्सचा सूरच बदलतो, मी बघितलंय.

निळीशाई:
सगळ्यांचे खूप आभार, डीनच्या मीटिंगसाठी तासांचा हिशोब आणि ६० चा आकडा एका पानावर बसवते. @समासातला तपासायला निबंध कुठला निवडता, चांगला की कच्चा?

समासातला:
मधला. एकदम चांगल्यावर आणि एकदम कच्च्यावर सगळ्यांचं पटतंच, बोलण्यासारखं काही उरत नाही. जुन्या बॅचमधला घे, मुलाची परवानगी घेऊन आणि नाव काढून.