डेव्हिड कार्सन यांची पद्धत मराठी दिवाळी अंकाला पेलेल का?

सदाशिवपेठी संपादिका:
आमच्या छोट्या दिवाळी अंकाची मांडणी यंदा एका तरुण मांडणीकाराकडे सोपवली आहे. 'रे गन' या अमेरिकी संगीत मासिकाचे १९९२ ते १९९५ या काळात कलादिग्दर्शन करणाऱ्या डेव्हिड कार्सन यांचा त्याच्यावर मोठा प्रभाव आहे. त्याने दाखवलेल्या नमुना पानांवर स्तंभ एकमेकांना खेटले आहेत, शीर्षकांचे तुकडे समासात सांडले आहेत आणि एका लेखाच्या ओळी छायाचित्राच्या गडद भागात जवळजवळ बुडाल्या आहेत. ही पाने पाहताना नजर थबकते, हे मान्य. परंतु ती वाचवत नाहीत. देवनागरीत ही पद्धत कुठवर चालते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उपयोजित कलेचा निवृत्त शिक्षक:
कार्सन मुळात समाजशास्त्राचे शिक्षक आणि व्यावसायिक सर्फर होते. मांडणीकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी फारसे घेतलेले नव्हते, त्यामुळे स्तंभांची ठरावीक चौकट मोडताना त्यांना संकोच वाटला नसावा. मात्र त्यांची मोडतोड मजकूर वाचल्यानंतरची असे, ही गोष्ट त्यांचे अनुकरण करणारे हमखास विसरतात. १९९४ मध्ये गायक ब्रायन फेरी यांची मुलाखत कंटाळवाणी वाटल्यामुळे त्यांनी ती सबंध 'झाफ डिंगबॅट्स' या निव्वळ चिन्हांच्या फाँटमध्ये लावली, म्हणजे मुलाखतीवरचा आपला अभिप्रायच छापला. (आपल्याकडे जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की हा चमत्कार विनासायास घडतो.) तीच मुलाखत त्याच अंकात मागे वाचनीय अक्षरांत दिलेली होती. तेव्हा आपल्या मांडणीकाराला एवढेच विचारावे, की तो लेख अंधारात बुडवण्याजोगे त्या लेखात काय आहे? उत्तर मिळाले तर पान ठेवावे.

अक्षरजुळणीवाला, अप्पा बळवंत चौकाजवळ:
सरांचे म्हणणे पटते, पण अडचण लिपीचीही आहे. रोमन अक्षरे सुटी असल्याने ती दूर सारली तरी शब्द बहुधा ओळखू येतो. देवनागरीत शिरोरेषा तुटली की शब्दाची एकसंध आकृतीच विस्कटते. शिवाय वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असल्याने ओळी एकमेकींवर चढवल्या, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो आणि वाचकाला ती छपाईतली चूक वाटते. अशा मजकुरातून मुद्दाम केलेली गंमत पोचतच नाही.

म्हणून मोडतोड शीर्षकांपुरती ठेवावी, असे माझे मत आहे. तिथे आपल्याकडे परंपराही आहे: कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरे नाटकाचा स्वभाव घेऊनच येत, आणि र. कृ. जोशी यांनी सुलेखनात देवनागरीला किती वाकवता येते ते दाखवून दिले. मांडणीकाराने कार्सन जरूर पाहावेत. मात्र शीर्षक संगणकावर कापण्याऐवजी एकदा हाताने काढून पाहावे. शिरोरेषा कुठे तोडली तर चालते, ते हाताला लवकर कळते.

सदाशिवपेठी संपादिका:
आपणा दोघांचे आभार. गडद छायाचित्रातला तो लेख पानशेतच्या पुराच्या आठवणींचा आहे, त्यामुळे सरांच्या प्रश्नाला बहुधा उत्तर मिळेल. फेरी यांच्या मुलाखतीप्रमाणे तोच मजकूर मागे पुन्हा छापावा का?

मुद्रितशोधक:
छापावा, पण फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातली जाणारी पाने) ठरण्यापूर्वी तेवढी पाने राखून ठेवावीत. अंक सोळा पानांच्या फर्म्यांत बसत असेल, तर शेवटच्या क्षणी वाढलेली दोन पाने कागदाचा आणि छपाईचा सारा हिशोब बिघडवतात. मुद्रिते मात्र आधी साध्या मांडणीतलीच द्यावीत. बुडालेल्या ओळींतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक मला दिसली नाही, तरी अंक हाती पडल्यावर एखाद्या वाचकाला ती नक्की दिसेल आणि त्याचे पत्रही येईल.